हवेवर थंड होणाऱ्या बसच्या इंजिनाला बाहेरून ऑइल फिल्टर : माझा अनुभव

फोक्सवॅगनच्या जुन्या बसमधल्या 1600 सीसी टाइप 1 इंजिनाला कंपनीने ऑइल फिल्टर दिलेलाच नाही. खालच्या ड्रेन प्लेटच्या आत तारेची एक जाळी असते. ती पॅकिंगचे तुकडे, सीलंटचे गोळे अडवते. बेअरिंग खाणारी बारीक भुकटी तिच्यातून आरपार जाते. म्हणूनच दर 5000 किलोमीटरला ऑइल बदला आणि जाळी धुवा, असा जुना नियम आहे. पुढे 1990च्या दशकात मेक्सिकोत बनणाऱ्या बीटलच्या इंजिनाला कंपनीनेच फिल्टर लावला. 1972 पासून काही बसमध्ये आलेलं टाइप 4 इंजिन वेगळं, त्याला फिल्टर मुळातच आहे. ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी यात पडायचं कारण नाही.

एक गैरसमज आधीच काढून टाकतो. फिल्टर म्हणजे ऑइल कूलर नव्हे. एप्रिलमध्ये सामानाने भरलेली कॅम्पर (राहायची सोय केलेली बस) घेऊन चोर्ला किंवा अनमोड घाट चढताना ऑइल तापणार ते तापणारच. फिल्टर आणि होज (ऑइलच्या जाड रबरी नळ्या) यांच्यामुळे अर्धा लिटरच्या आसपास ऑइल जास्त मावतं, आणि मुळात 2.5 लिटरवर चालणाऱ्या इंजिनाला तेवढाही आधार होतो. पण खरा फायदा आहे तो स्वच्छ ऑइलचा.

दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे पंपाच्या झाकणावरच फिल्टर बसणारा पंप. क्रँककेसला (इंजिनाच्या मुख्य धातूच्या खोक्याला) भोक पाडावं लागत नाही, होज नाहीत. पण फिल्टर सायलेन्सरच्या अगदी जवळ लटकतो, जागा अपुरी म्हणून छोटाच बसतो आणि रस्त्यावरचे दगड त्याला आधी लागतात. दुसरा रस्ता पूर्ण प्रवाहाचा: पंपाच्या झाकणातून ऑइल बाहेर काढायचं, होजने फिल्टरकडे न्यायचं आणि गाळून क्रँककेसच्या मुख्य वाटेत परत सोडायचं. इंजिन ओव्हरहॉलसाठी उघडलेलंच होतं, म्हणून मी दुसरा धरला. बंद इंजिनावर हे ड्रिलिंग करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ग्रीस लावून चुरा पकडता येतो म्हणतात, पण सगळा पकडला गेला याची खात्री कोण देणार? उरलेला चुरा थेट मेन बेअरिंगमध्ये जातो, म्हणजे फिल्टर लावायच्या नादात बेअरिंगच घालवायचं.

पंपाच्या बाजूला, पुलीच्या खाली, ऑइलची वाट बंद करणारा अल्युमिनियमचा प्लग ठोकलेला असतो. तो काढून तिथे 3/8 एनपीटीचे (पाइपच्या आट्यांचं अमेरिकन माप) आटे पाडायचे. ड्रिल 14.7 मिमी. टॅप (आटे पाडायचं हत्यार) हाताने फिरवायचा, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, आणि दर थोड्या वेळाने बाहेर काढून पुसायचा. एनपीटीचा टॅप निमुळता असतो. जास्त आत घातला तर भोक मोठं होतं आणि फिटिंग तळापर्यंत जाऊनही घट्ट बसत नाही. म्हणून फिटिंग मधूनमधून हाताने लावून पाहायची. तीन-साडेतीन आटे हाताने गेले की थांबायचं. क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे हे विसरू नका. तिचा बारीक चुरा पेट घेतो आणि पेटल्यावर पाणी मारलं तर भडकतो. शेजारी कोरड्या वाळूची बादली ठेवायची आणि चुरा साठू द्यायचा नाही. फिटिंग अल्युमिनियमची घ्यावी. पितळ आणि मॅग्नेशियम एकत्र आले आणि वर समुद्राची खारी हवा, की आट्यांभोवती पांढरी पूड धरायला वेळ लागत नाही.

आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ होतो तो आट्यांचा. खाणींची मशिनरी आणि ट्रॉलर यांच्या कृपेने गोव्यात हायड्रॉलिक होजला फिटिंग दाबून (क्रिंप करून) देणारे मिळतात, पण काउंटरवर सहसा पुढे येतं ते बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचं. "थ्री-एट म्हणजे थ्री-एट, बसतं ते" असं सांगून हातात ठेवतात. बसत नाही. 3/8 एनपीटीला इंचात 18 आटे, बीएसपीला 19. व्यासात अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही, त्यामुळे पहिले दोन आटे गोड लागतात, मग फिटिंग अडते. तिथे पान्याने जोर लावला की मॅग्नेशियमला चीर. थ्रेड गेज सोबत न्यावा, किंवा सरळ नमुन्याची फिटिंग खिशात घालून दुकानात जावं. होज आतून अर्धा इंच. 100आर1 किंवा 100आर2 या नेहमीच्या प्रकारांचा होज 100 अंशांपर्यंतचा असतो आणि घाटात ऑइल तिथे पोचतं. 150 अंश सोसणारा मागून घ्यावा. आट्यांवर टेफलॉन टेप अजिबात नको. तिचे दोरे सुटून ऑइलच्या वाटेत अडकतात. द्रव सीलंट लावायचं, तेही पहिले दोन आटे कोरडे सोडून.

आता पंप. नवं झाकण लावलं, होज जोडले, तरी पंपाची मूळ बाहेरची वाट उघडी असेल तर ऑइल फिल्टरकडे जाणारच नाही, जुन्याच जवळच्या वाटेने जाईल. ती वाट बुजवलीच पाहिजे. काही पंप बुजवूनच येतात. नसेल तर आटे पाडून षटकोनी खाचेचा (ॲलन) स्क्रू लॉकटाइट लावून बसवायचा. त्याचं टोक गिअरच्या बाजूला तसूभरही बाहेर येता कामा नये. गिअर आणि झाकण यांच्यातली फट 0.1 मिमीच्या आत हवी, म्हणून झाकण काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट करायचं. पंप फिरवणाऱ्या कॅमशाफ्टच्या गिअरवर तीन रिव्हेट की चार, यावर पंपही बदलतो. पंप मागवण्याआधी ते मोजा. पंप 26 मिमी गिअरचाच पुरे. मोठा पंप घेतला तर ऑइल थंड आणि जाड असताना फिल्टरवर उगाच ताण येतो, कारण जास्तीचं प्रेशर सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह आता फिल्टरनंतर येतो. झाकणाचे 8 मिमी नट 20 न्यूटन-मीटर.

फिल्टरचं हेड (फिल्टर ज्यावर चढतो तो भाग) मी चासीच्या उभ्या पट्टीवर, डाव्या बाजूला, एक्झॉस्टपासून दूर, फिल्टरचं तोंड वर राहील असं लावलं. इंजिन रबरांवर हलतं आणि चासी हलत नाही, म्हणून होजला थोडी ढील हवी, आणि जिथे पत्र्याला घासेल तिथे रबरी नळीचं कव्हर. मागचा पत्रा होजसाठी कापावा लागतो. कापल्यावर ती फट ग्रोमेटने (रबरी कडीने) बंद करायची. ती उघडी राहिली तर पंखा खालची एक्झॉस्टची गरम हवा ओढतो, आणि ऑइल स्वच्छ पण इंजिन भाजलेलं अशी गत होते.

हेडवर आत आणि बाहेर अशा खुणा असतात. पंपाकडून येणारा होज 'आत'मध्ये, क्रँककेसकडे जाणारा 'बाहेर'मध्ये. ऑइल फिल्टरच्या कडेच्या भोकांतून शिरून मधल्या भोकातून बाहेर पडतं. उलटं जोडलं तर आतलं रबर वाट बंद करतं आणि बेअरिंगला ऑइलच पोचत नाही. आणखी एक सापळा फिल्टरच्या आट्यांत आहे. हेडच्या 3/4-16 (पाऊण इंच, इंचात 16 आटे) निपलवर एम20 चा (20 मिमीच्या आट्यांचा) फिल्टर चढतो, जरा सैल लागतो एवढंच. प्रेशर आल्यावर तो उडतो आणि सगळं ऑइल रस्त्यावर. फिल्टर हाताने चढवताना डुगडुगला तर तो आपला नाही. रबर टेकल्यावर पाऊण फेरा, पाना नको.

सुरू करण्याआधी पंपात व्हॅसलीन, फिल्टरमध्ये जमेल तेवढं ऑइल. स्पार्क प्लग काढून, कॉइलची वायर सोडून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थांबतथांबत मारायचा. मग प्लग लावून सुरू करायचं आणि रेस न करता सगळे सांधे टॉर्चने बघायचे. प्रेशर थंड ऑइलला सर्वांत जास्त असतं, गळायचं असेल तर आत्ताच गळेल. बंद करून पाच मिनिटांनी ऑइलची पट्टी (डिपस्टिक) पाहून वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरायचं. मी 20डब्ल्यू-50 वापरतो. शेवटी, गाडी चांगली गरम झाल्यावर फिल्टरला हात लावून बघा. थंडच असेल तर पंपाची वाट नीट बुजलेली नाही. मीटर लावलात तर 2500 आरपीएमला, ऑइल 70 अंशांवर असताना, 28 पीएसआयच्या खाली जाता कामा नये.

फिल्टर लावला म्हणून ऑइलची मुदत वाढवू नये. पेट्रोल आणि पाणी फिल्टर काढत नाही, आणि जून ते सप्टेंबर उभ्या राहिलेल्या गाडीत झाकणाखाली दुधाळ साय धरतेच. पावसाळा संपला की ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलतो, किलोमीटर कितीही झालेले असोत. जाळीही तेव्हाच धुतो. प्लेटचे सहा नट 7 न्यूटन-मीटरपेक्षा जास्त कसले तर स्टड निघून हातात येतात. काढलेला फिल्टर पाइप कटरने कापतो, हॅकसॉने नाही, कारण हॅकसॉचा कीस आत पडून चुकीचं निदान होतं. आतला कागद उलगडून चुंबक फिरवायचा. चुंबकाला चिकटलं तर कॅम किंवा टॅपेट झिजतायत. न चिकटणारी चंदेरी चमक बेअरिंगची. तांबूस दिसलं तर बेअरिंगचा वरचा थर संपून खालचा लागलाय, गाडी तिथेच उभी करायची.