गडगो कोण घालतलो?

आमच्या देवगडकडच्या सड्यावर एक चिरेखाण आहे. जांभा यंत्रानं कापतात, त्यामुळे खड्ड्याच्या भिंती सरळ, पायऱ्या काटकोनात. मे महिन्यात माझा अकरा वर्षांचा भाचा मुंबईहून आला आणि काठावर उभा राहून म्हणाला, "मामा, हे तर सेम माइनक्राफ्ट!" मी चिडलो. आमचा कातळ काय त्याच्या खेळाची नक्कल आहे? माइनक्राफ्ट म्हणजे ठोकळ्यांच्या जगात खणायचा-बांधायचा संगणकावरचा खेळ. त्याच रात्री त्यानं मला लॅपटॉपपुढे बसवलं. आता चिडायला मला तोंड उरलेलं नाही.

नवं जग उघडताना त्याला 'सीड' देता येतं, म्हणजे बी. आकडा द्या नाहीतर शब्द. शब्दाचाही तो आतल्या आत आकडाच करतो. भाच्यानं आमच्या वाडीचं नाव टाकलं. बघता बघता त्यातून डोंगर, नदी, गुहा, मेंढरं सगळं उगवलं. समुद्र तेवढा दिसेना. वाडीचं नाव देऊन समुद्र नाही, याचं मला उगाच वाईट वाटलं. गंमत अशी, की खेळाच्या त्याच आवृत्तीत तीच अक्षरं कुणीही टाकली तरी त्याला हेच डोंगर मिळणार. हापूसच्या बाठ्याचा इतका भरवसा नसतो, म्हणून तर आपण कलमं बांधतो.

नुसते फासे टाकून जमिनीची उंची ठरवली असती, तर सगळं जग फणसाच्या सालीसारखं झालं असतं. केन पर्लिन या माणसानं १९८३ च्या सुमारास संगणकी चित्रांसाठी एक युक्ती काढली: आकडे अवचितच, पण प्रत्येकानं शेजाऱ्याला धरून राहायचं. माइनक्राफ्टची जमीन त्याच जातीच्या गणितातून घडते. सड्यावरून उतरताना कातळ, मग काजू, मग माड लागतात, तसं तिथेही एकातून दुसरं येतं.

पण नुसत्या अफाटपणात काही राम नाही. 'नो मॅन्स स्काय' हा खेळ २०१६ साली आला, त्यात म्हणे अठरावर अठरा शून्यं इतके ग्रह. भाच्यानं तोही दाखवला. दहा ग्रह झाल्यावर अकरावा त्यांचा चुलतभाऊच वाटायला लागला.

मी अडकलो तो बिळात. माइनक्राफ्टचा दिवस-रात्र मिळून वीस मिनिटांत उरकतो. पहिल्याच संध्याकाळी आम्ही टेकडीत बीळ खणलं आणि तोंड मातीनं लिंपलं. आत मिट्ट काळोख, बाहेर झोंबी कण्हतायत. कुदळीला कोळसा लागला. एक कोळसा, एक काठी, चार मशाली. पहिली मशाल भिंतीला लागली आणि ती पिवळी ओलसर भिंत दिसली (ओलसर माझ्या मनानं, खेळात तसं काही नाही). त्या जगाची हद्द मधल्यापासून जवळजवळ तीन कोटी ठोकळे लांब आहे, ठोकळा मीटरभराचा. आम्ही मात्र त्यानंतर सगळी अंतरं बिळापासूनच मोजू लागलो. नदी बिळाच्या खाली, मेंढरं बिळाच्या मागे.

मग बिळाचं घर झालं, घराला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आला. तो क्रीपरनं उडवला. हा जवळ येऊन फुटणारा हिरवा, बिनहाताचा प्राणी म्हणे डुकराचं चित्र करताना लांबी-उंचीची उलटापालट होऊन जन्मला. आम्ही दोघं हळहळत असताना आई मागे येऊन उभी राहिली. "थंय चिरे रचतास, आणि हंय गडगो पडलो हा तो कोण घालतलो?"

दुसऱ्या दिवशी घालायला घेतला. भाच्यानं चिऱ्याला हात घातला आणि तिथेच बसला. "मामा, खेळात मी असे चौसष्ट एका खणात घेऊन पळतो." आम्ही दोघांनी मिळून दुपारपर्यंत पाच चिरे लावले. पाचवा तिरका बसला. आईनं तो लगेच पाहिला.

रात्री त्यानं खेळातला गडगा पुन्हा बांधला. तिथे ठोकळा तिरका बसतच नाही. बराच वेळ खटपट करून शेवटी त्यानं पाचवा ठोकळा ओळीच्या बाहेर काढून ठेवला.