माझा अनुभव: पीटीपी लॉक झालं, तरी वेळ १ मायक्रोसेकंद मागे

नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवर चढून जीपीएसचा अँटेना बसवणं सोडलं, तर पीटीपीचं (नेटवर्कवरून अचूक वेळ पोहोचवणाऱ्या प्रोटोकॉलचं) काम एरवी अवघड नाही. प्रोफाइल (टेलिकॉमसाठीचा पीटीपीचा नियमसंच) जी.८२७५.१, डोमेन २४, खाली सिंकई (इथरनेटवरून फ्रिक्वेन्सी जुळवणारं तंत्र) चालू. सीताबर्डीच्या ग्रँडमास्टरचा (जीपीएसवरून वेळ घेणाऱ्या मुख्य घड्याळाचा) क्लॉक क्लास ६, म्हणजे जीपीएसशी जुळलेला, हिंगण्याच्या राउटरवर बाउंड्री क्लॉक (वरून वेळ घेऊन पुढे देणारं घड्याळ), स्टेटस फेज लॉक्ड, ऑफसेट (मास्टरच्या वेळेशी फरक) जेमतेम काही नॅनोसेकंद.

अडलं त्यानंतर. राउटरच्या १ पीपीएस (दर सेकंदाला एक) आउटपुटची पल्स आणि वेगळ्या जीपीएस रिसीव्हरची पल्स ऑसिलोस्कोपवर एकाखाली एक घेतली, तर राउटर १ मायक्रोसेकंद मागे! ५जी टीडीडीला (एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीनं पाठवणं आणि घेणं) टॉवरपर्यंत सगळं मिळून १.५ मायक्रोसेकंदांची मुभा असते. त्यातला एवढा वाटा एकट्या लिंकनं खाल्ला होता.

फायबर सांभाळणाऱ्या ऑफिसात तिकीट टाकलं. उत्तर आलं, लिंक अप आहे, लॉस नाही, तिकीट क्लोज. पुन्हा टाकलं, पुन्हा क्लोज. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, कारण लॉसबद्दल मी काही विचारलंच नव्हतं. पीटीपी मेसेजच्या जाण्यायेण्याचा वेळ मोजून तो निम्मा करतं, दोन्ही वाटा सारख्याच धरून. त्या सारख्या नसतील तर फरकाच्या निम्मी चूक घड्याळात बसते, आणि राउटरच्या हिशेबात ऑफसेट शून्यच दिसत राहतो. म्हणून राउटर स्वतः सांगतो त्या नुसत्या शो कमांडवर विसंबू नका, बाहेरून मोजा. मात्र अँटेनाच्या केबलचा विलंब, मीटरला साधारण ४ ते ५ नॅनोसेकंद, रिसीव्हरमध्ये आधी भरा. नाहीतर भांडायला जाल आणि तोंडघशी पडाल.

शेवटी उलगडा झाला तो स्प्लायसिंग (तुटलेली फायबर जोडण्याचं काम) करणाऱ्या दादांकडून. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली होती. "एक कोर जुन्याच वाटेनं आहे मॅडम, दुसरी तिकडून फिरवून आणली ना. लवकर चालू करा म्हणत होते," ते म्हणाले. एका कोरवरून मेसेज जातो, दुसरीवरून येतो. मग हट्टानं दोन्ही कोरवर ओटीडीआर (फायबरची लांबी मोजणारं यंत्र) लावायला लावला. फरक ४०० मीटर. फायबरमध्ये प्रकाशाला मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे २ मायक्रोसेकंद, त्याचे निम्मे १. तंतोतंत माझाच आकडा! तो रिपोर्ट मी त्याच तिकिटाला जोडला, तेव्हा कुठे जीव शांत झाला.

मग पोर्टवर डिले असिमेट्री (दोन वाटांच्या विलंबातला फरक भरून काढणारी सेटिंग) १००० नॅनोसेकंद भरली आणि पल्स जुळल्या. मानकात ही किंमत फरकाच्या निम्मी असते, आणि मास्टरकडून येणारी वाट लांब असेल तर धन. तरी आपल्या राउटरचं मॅन्युअल बघा, चिन्ह उलटं पडलं तर चूक दुप्पट होते. जमत असेल तर एकाच कोरवर दोन्ही दिशा चालवणारे बायडी एसएफपी (राउटरमध्ये फायबर जोडायचं मॉड्यूल) घ्या, ही कटकटच उरत नाही.

आयपीवरचं जी.८२७५.२ वापरणाऱ्यांनी एसीएलमध्ये (राउटरच्या ट्रॅफिक गाळणाऱ्या यादीत) यूडीपी ३१९ आणि ३२० हे दोन्ही पोर्ट उघडावेत. पीटीपीची वेळ यूटीसीपेक्षा ३७ सेकंद पुढे दिसली तर घाबरू नका, ती टीएआय (लीप सेकंद न धरणारी आंतरराष्ट्रीय अणुवेळ) असते. आणि फायबरच्या प्रत्येक दुरुस्तीनंतर दोन्ही कोरची लांबी तिकिटात लिहून मागा. नुसतं 'लिंक अप' लिहिलेलं असेल तर तिकीट क्लोज करू देऊ नका.