फाउंड्रीची काळी वाळू विटेत घालताना: माझा अनुभव

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पट्ट्यात बिडाचं ओतकाम करणाऱ्या कारखान्यांच्या, म्हणजे फाउंड्रींच्या, मागे काळ्या वाळूचे ढीग दिसतात. मुळात ही चांगली सिलिका वाळू. साच्यासाठी ती पुन्हापुन्हा वापरतात, पण कोअरची (ओतिवात पोकळी ठेवणाऱ्या गाभ्याची) वाळू त्यात मिसळत राहते, जळकं बेंटोनाइट (वाळूला बांधून ठेवणारी चिकणमाती) साठतं, म्हणून रोज थोडी बाहेर काढावीच लागते. आमच्या फाउंड्रीतली ही वाळू आता फ्लाय ॲशच्या (वीजकेंद्राच्या कोळशाच्या राखेच्या) विटा पाडणाऱ्या शेजारच्या कारखान्यात क्रश सँडच्या, म्हणजे दगड भरडून केलेल्या वाळूच्या, जागी जाते. ही घडी बसवताना एक गोष्ट पक्की कळली. वाळू आमच्या दारातून बाहेर पडतानाच कच्च्या मालासारखी चोख असली पाहिजे. वीटवाल्याने ती निवडून घ्यावी अशी अपेक्षा ठेवली तर चौथ्या ट्रकला काम थांबतं.

पहिला नियम ढिगांचा. ग्रीन सँड (बेंटोनाइट आणि पाण्याने बांधलेली साच्याची वाळू) वेगळी, रेझिनने (रासायनिक चिकट द्रव्याने) बांधलेल्या कोअरची वाळू वेगळी, बॅगहाऊसची (हवेतली धूळ गाळणाऱ्या पिशव्यांची) धूळ वेगळी, शॉट ब्लास्टिंगची (धातूचे दाणे मारून ओतीव साफ करतानाची) धूळ वेगळी, स्लॅग (वितळलेल्या धातूवरची मळी) वेगळा. सुरुवातीला आमच्याकडे सगळं एकाच ट्रॉलीत पडायचं. त्यातली बॅगहाऊसची धूळ सर्वात घातक, कारण तिच्यात बारीक बेंटोनाइट आणि कोल डस्टच (कोळशाची पूडच) जास्त. बेंटोनाइट पाणी पिऊन फुगतं, सिमेंटला लागणारं पाणी वाढतं आणि वीट कमजोर निघते. नॉकआऊटला, म्हणजे साचा फोडून ओतीव काढताना, अर्धवट जळलेल्या कोअरचे गोळे हातानेच बाजूला काढावे लागतात. ते फुटून वाळूत मिसळले की वेगळे होत नाहीत. पितळ-ब्राँझ ओतणाऱ्यांची वाळू तर या कामात घेऊच नये, तिच्यात शिसं आणि तांबं असू शकतं.

दुसरा त्रास लोखंडाचा. शिंतोडे, फ्लॅशचे (साच्याच्या सांध्यात आलेल्या पातळ कडांचे) तुकडे, शॉटचे दाणे वाळूत राहतात. ते प्रेसच्या डायवर ओरखडे पाडतात, आणि विटेत राहिले तर पहिल्या पावसात तांबूस डाग उमटतात. आम्ही पट्ट्यावर चुंबक बसवलं, तरी डाग येतच होते. कारण साधं होतं: पट्ट्यावर वाळूचा थर जाड होता आणि चुंबक वरवरचंच ओढत होतं. थर दोन बोटांइतका पातळ केला, पट्ट्याचा वेग कमी केला, तेव्हा फरक पडला. त्यानंतर ४.७५ मिमीची चाळणी. चाळणीवर राहणारे गोळे वीटवाल्याकडे जाता कामा नयेत.

चाचण्यांमध्ये रोजची म्हणजे बरणीची. मोजपात्रात मिठाचं पाणी ५० मिलीपर्यंत, मग वाळू १०० मिलीच्या खुणेपर्यंत, वर पुन्हा तेच पाणी १५० पर्यंत. जोरात हलवून तीन तास ठेवायचं. वर जमणारा गाळाचा थर रोज त्याच पद्धतीने मोजला की बदल लगेच दिसतो. मीठ विसरू नका, साध्या पाण्यात बेंटोनाइट तासन् तास खाली बसत नाही. प्रयोगशाळेतून आम्ही जळून जाणाऱ्या भागाचं प्रमाण आणि लीचिंग, म्हणजे पाण्यात उतरणारे जड धातू व फिनॉल, दोन्ही तपासून घेतो. वाळूचा किंवा रेझिनचा पुरवठादार बदलला की पुन्हा.

प्रमाणावर सगळ्यात जास्त वेळ गेला. त्यांचं मूळ मिश्रण कोरड्या वजनाने १०० किलोला ५५ फ्लाय ॲश, ३५ क्रश सँड, १० सिमेंट. आधी १० किलो क्रश सँड काढून तेवढी आमची वाळू घातली, काही बिघडलं नाही. २० किलोलाही वीट ठीक. संपूर्ण ३५ किलो बदलून पाहिलं तेव्हा कडा ढासळायला लागल्या. फाउंड्रीची वाळू एकसारख्या बारीक दाण्याची असते, मोठा दाणाच नसेल तर मिश्रण नीट दाबलं जात नाही आणि पाणी जास्त मागतं. म्हणून २० किलोवर थांबलो. २३०×१००×७५ मिमीची वीट साधारण तीन किलोची, म्हणजे प्रत्येक विटेत सुमारे ६०० ग्रॅम आणि दहा हजार विटांत सहा टन वाळू. पॅन मिक्सरमध्ये कोरडं नीट मिसळून मगच पाणी घालायचं. नव्या प्रमाणाच्या विटा आम्ही २१ दिवस पाणी मारूनच दाबचाचणीला पाठवल्या. २४ तास बुडवून पाणी शोषण्याची चाचणीही तितकीच महत्त्वाची, २० टक्क्यांच्या वर गेलं की ती बॅच विकायची नाही.

हिशेबात भांडण होण्याची जागा म्हणजे ब्रास, म्हणजे १०० घनफुटांचं माप. वीटवाले ब्रासमध्ये बोलतात, आम्ही टनात. बारीक वाळू चार-पाच टक्के ओलीवर फुगते, तेवढ्याच वाळूने ट्रक जास्त भरलेला दिसतो. त्यामुळे काट्यावरचं वजन आणि ओलीची टक्केवारी दोन्ही चलनावर लिहितो, आणि कोरड्या वजनावर हिशेब धरतो. ढीग शेडखालीच हवा. पावसाळ्यात भिजलेली वाळू हॉपरला चिकटते आणि त्यांचं पाण्याचं गणित रोज बदलतं.

कागदाच्या बाजूने प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या दोन्हीकडच्या संमतीपत्रांत हा माल असावा लागतो: आमच्या पत्रात वाळू किती आणि कुठे जाते, त्यांच्या पत्रात कच्चा माल म्हणून. आमच्या पत्रात दुरुस्ती लवकर झाली, त्यांच्या पत्राचा विचारच आधी कुणी केला नव्हता, त्यामुळे चार महिने वाळू शेडमध्ये अडकली. दोन्ही अर्ज एकाच वेळी करा. काट्याच्या पावत्या तारखेनुसार लावून ठेवा, ३० सप्टेंबरपर्यंत द्यायच्या वार्षिक पर्यावरण विवरणात त्याच बेरजा लागतात.