निकालाच्या दिवशी दुजियांगयान

चीनच्या सिचुआन प्रांतातल्या चेंगदूत मी राहायचे त्या सोसायटीच्या फाटकाशी एक झेरॉक्सचं दुकान होतं. दुकानातल्या बाईंना सगळे 'आयि' म्हणायचे. चिनी भाषेत आयि म्हणजे मावशी, काकू. पण वेंगुर्ल्यात वाढलेल्या माझ्या कानांना पहिले कित्येक महिने 'आई'च ऐकू यायचं. २०२४ च्या सप्टेंबरअखेर त्यांच्याकडे मी माझी मतपत्रिका छापायला गेले. न्यूजर्सीतून ती ईमेलने आली होती. भरून ईमेलने परत पाठवायची आणि मूळ कागदही टपालात टाकायचा, असा तिथला परदेशस्थ मतदारांसाठीचा नियम. भरायचे गोल बघून आयिंनी विचारलं, "परीक्षा आहे का?" राष्ट्राध्यक्ष निवडायचाय, म्हटलं. त्यांनी कागद दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला आणि पैसे घ्यायला ठाम नकार दिला.

अमेरिकेचं नागरिकत्व घेताना मी भारताचा पासपोर्ट सोडला, कारण आपल्याकडे दोन्ही ठेवता येत नाहीत. तेव्हा फार रडले होते. त्यामुळे हे मत मला स्वस्तात मिळालेलं नाही, आणि ते मी कधी चुकवत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये एका विद्यापीठात इंग्रजी शिकवायला मी चेंगदूला गेले, तेव्हा तिथे अमेरिकन माणसं फारशी उरली नव्हती. अमेरिकेने ह्यूस्टनमधला चिनी वाणिज्य दूतावास बंद केला म्हणून चीनने २०२० च्या जुलैत चेंगदूतला अमेरिकी वाणिज्य दूतावास बंद करायला लावला. १९९३ पासून सिचुआनात शिक्षक पाठवणारी पीस कोअर ही अमेरिकी सरकारची स्वयंसेवक संस्थाही त्याच वर्षी गेली. उरलेल्या आम्हा थोड्यांना मग टॅक्सीवाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळे अमेरिकेच्या कारभाराचा जाब विचारायचे. "आमच्या विजेच्या गाड्यांवर तुमच्या बायडननी शंभर टक्के कर का लावला?" हे मला बीवायडी ही विजेवरची चिनी गाडी चालवणाऱ्या एका ड्रायव्हरने विचारलं होतं. रागाने नाही, त्याला खरंच कळून घ्यायचं होतं.

न्यूजर्सीत मंगळवारी रात्री आठला मतदान संपलं, तेव्हा चेंगदूत बुधवार, ६ नोव्हेंबरचे सकाळचे नऊ वाजले होते. निकाल अख्खा दिवस थेंबथेंब येणार होता. मला तास नव्हता. सोबत शिकवणारी एक मैत्रीण म्हणाली, घरी बसून जीव खाऊ नकोस, माझ्या गावी चल. तिचं गाव दुजियांगयान. शिपू स्टेशनवरून गाडीने अर्धा तास.

गाडीत आजूबाजूला ट्रम्पचं नाव येत होतं. तिथे बोलण्यात त्यांना 'च्वानपू' म्हणतात, आणि सिचुआनी वळणाने बोललेल्या प्रमाण चिनीलाही 'च्वानपू'च म्हणतात. संदर्भ धरूनच समजून घ्यावं लागतं. मैत्रिणीच्या फोनवर चिनी बातम्यांत माझ्या देशाचा नकाशा राज्याराज्याने रंगत होता. मी मात्र व्हीपीएन जोडण्याच्या खटपटीत, कारण न्यूयॉर्क टाइम्स तिथे २०१२ पासून उघडतच नाही. शेवटी मी तिच्याच फोनवर बघू लागले.

दुजियांगयानला नदी बघायला जायचं असतं. मिन नदी डोंगरातून उतरून मैदानाला लागते ती जागा. इसवी सनापूर्वी २५६ च्या सुमारास ली बिंग नावाच्या सुभेदाराने इथे नदी न अडवता दुभागली. पात्राच्या मधोमध माशाच्या तोंडासारखा निमुळता बांध घातला. वेताच्या नव्हे, बांबूच्या लांबलचक करंड्यांत गोटे भरून. पाणी कमी असतं तेव्हा दहातले सहा भाग आतल्या फाट्याने शेतीकडे येतात आणि पूर आला की सहा भाग बाहेरच्या फाट्याने निघून जातात. आतलं पाणी मैदानात न्यायला डोंगर कापावा लागला. सुरुंगाची दारू तेव्हा नव्हती. खडक आगीने तापवायचा, वर पाणी ओतायचं, तडकला की फोडायचा. वर्षानुवर्षं. 'तळ खोल उपसा, बंधारा बुटका ठेवा' हा नियम तिथे दगडात कोरला आहे, आणि गाळ किती खोल काढायचा ते कळावं म्हणून नदीच्या तळाशी लोखंडाचे दांडे पुरून ठेवले आहेत. आमच्या वहाळावर पावसाळा सरला की माणसं दगडमातीचा बांध घालायची, तो पुढल्या पावसात वाहून जायचा. हे काम सव्वादोन हजार वर्षं टिकलं, कारण ते दरवर्षी नव्याने करत आले. मी कठड्याला धरून बराच वेळ बघत राहिले.

जेवायला मासे मागवले. रश्श्यातलं हुआजियाओ म्हणजे आपल्या तिरफळाचं सख्खं चुलत भावंड. पहिल्या घासाला जीभ बधिर झाली आणि आईची बांगड्याची आमटी आठवली. तेवढ्यात मैत्रिणीने सरळ विचारलं, "तू कुणाला मत दिलंस?" ट्रम्पविरुद्ध उभ्या असलेल्या कमला हॅरिसना, मी सांगितलं. का, तुझ्या घरच्यांनीही का, नवरा वेगळं मत देतो तर भांडण होत नाही का, हरलात तर तुम्हाला त्रास होईल का. मी सगळ्याची उत्तरं दिली. आवाजही खाली केला नाही. साडेतीनच्या सुमारास पेनसिल्व्हेनिया ट्रम्पकडे गेलं. न्यूजर्सी आमच्याकडेच राहिलं, पण २०२० मध्ये जिथे सोळा टक्क्यांची आघाडी होती तिथे आता सहाच्या आसपास उरली होती. ती सरकलेली माणसं माझ्या ओळखीची आहेत. गणपतीत एकत्र आरती म्हणणारी. तेच जास्त लागलं.

परतताना मैत्रिणीने रस्त्याकडेची एक जागा दाखवली. "इथे शाळा होती." पुढे ती काही बोलली नाही.

१२ मे २००८, दुपारी दोन अठ्ठावीस. वेंचुआनचा भूकंप. मुलं वर्गात होती. दुजियांगयानमध्ये शाळा कोसळल्या आणि शेजारच्या इमारती उभ्या राहिल्या, असं जागोजाग झालं. सरकारी आकड्याप्रमाणे मृत आणि बेपत्ता विद्यार्थी ५,३३५. बांधकामात काय घातलं होतं, हे विचारणाऱ्या आईबापांना गप्प केलं गेलं. त्या शाळांची चौकशी करणाऱ्या थान झुओरेन यांना २०१० च्या फेब्रुवारीत चेंगदूच्याच न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा दिली. खटला राज्यसत्ता उलथण्याच्या चिथावणीचा.

मला तिला विचारायचं होतं. तुझं कोण होतं त्या शाळेत? कुणी जाब दिला का? ओठावर आलेलं मी गिळलं. गाडी भरलेली होती, आणि विचारणारी मी असले तरी निस्तरावं तिला लागलं असतं. सकाळपासून तिने मला वीसेक प्रश्न विचारले होते. मी तिला विचारलं, आईची तब्येत कशी आहे. साडेसहाच्या सुमारास निकाल पक्का झाला, तेव्हा तिने माझा हात हातात घेतला आणि शिपू येईपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून हॅरिस यांचं भाषण पाहिलं. हरलो, हे त्यांनी लोकांसमोर उभं राहून मान्य केलं. निकाल न मानणारा जमाव अमेरिकी संसदेत घुसला, त्या ६ जानेवारी २०२१ ची आठवण ताजी असल्यामुळे मला ते फार मोलाचं वाटलं.

पुढचं वर्ष कठीण गेलं. एप्रिलमध्ये चिनी मालावरचा कर १४५ टक्क्यांवर पोहोचला. मेअखेर परराष्ट्रमंत्री रुबिओ यांनी चिनी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द करण्याची घोषणा केली, तेव्हा माझ्या वर्गातल्या दोघींच्या हातात अमेरिकी विद्यापीठांची प्रवेशपत्रं होती. "लाओशी (म्हणजे बाई), आम्ही काय केलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मला त्याची लाज वाटली. त्या मुलींसाठी मी शिफारसपत्रं लिहिली होती.

जुलैत मी न्यूजर्सीला परतले. हे सगळं आता इथे बसून लिहिता येतंय, मैत्रिणीची ओळख पुसून. सप्टेंबरात आमच्या गावच्या शाळा मंडळाच्या बैठकीला गेले. माझी मुलं कधीच मोठी झाली, मी आजवर एकदाही गेले नव्हते. लोकांना बोलण्यासाठी ठेवलेली वेळ आली. एका बाप माणसाने व्यायामशाळेच्या भिंतीला गेलेल्या तड्याचा फोटो वर धरला आणि विचारलं, हे कुणी तपासलंय? त्याचा आवाज चढला होता. समोरचे सदस्य ऐकून घेत होते, एक जण लिहूनही घेत होती. त्याची तीन मिनिटं संपली. मागे रांग होती. मी उठले आणि रांगेत जाऊन उभी राहिले.