तीन सुती रिंग आणि दहा एमएमचं भोक

धुळ्याला अवधान एमआयडीसीत माझं लेथचं काम, ट्रॅक्टरच्या पिना, पंपाचे शाफ्ट हेच रोजचं. मे महिन्यात गोंदूर विमानतळावरून एका साहेबांचा फोन आला, दोन सीटचं घरी बांधलेलं विमान आहे, सेकंडहँड घेतलंय, रात्री वावधान, म्हणजे वादळी वारा सुटला आणि उभं विमान जमिनीला बांधायला दोर अडकवतात ती डाव्या पंखाची आट्यांची रिंग सैल झाली. घरी बांधलेलं म्हटल्यावर कांदिवलीच्या गच्चीवर विमान बनवणारे अमोल यादवच डोळ्यासमोर आले, हातातलं काम ठेवून निघालो.

पंखाखाली आडवा होऊन रिंग फिरवली. चार-पाच फेरे सैल गेली, मग कडक. साहेब म्हणे बघा, बसतेय की घट्ट. पण धरून हलवली तर खडखड करत होती, आणि घट्ट बसलेली रिंग अशी हलत नसते. बाहेर काढली तर आट्यांत अॅल्युमिनियमचा चंदेरी चुरा भरलेला! आटे मोजायचं पिच गेज लावलं, इंचाला सोळा आटे, जाडी तीन सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), म्हणजे रिंग बरोबर. उजव्या पंखात तीच रिंग सरळ बसली. मग दहा एमएमचा बोल्ट डाव्या भोकाला लावला तर बोटानेच शेवटपर्यंत गेला. म्हणजे पंखातल्या अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात कोणीतरी आधी एम-टेनचा, म्हणजे दहा एमएमच्या मापाचा टॅप मारून आटे पाडून ठेवलेले.

हा घोळ लवकर कळत नाही, कारण तीन सूत म्हणजे साडेनऊ एमएम आणि पिच, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, १.५९ एमएम, एम-टेनचा १.५, इतकं जवळ की रिंग आत जाते, फरक साचत साचत अडकते आणि माणसाला वाटतं टाइट झाली, पण प्रत्येक आटा जेमतेम अर्धाच धरलेला असतो. विमान जमिनीवरून जेवढ्या स्पीडला उचलतं तेवढा वारा समोरून आला तर ते उभ्याउभ्या हलकं होतं, सगळा ताण त्या रिंगवर. आमच्याकडचा वारा काय असतो ते साक्रीकडच्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या बघितलेल्याला सांगायला नको.

एम-टेनची रिंग लावली असती तर दहा मिनिटांत काम झालं असतं. पण मग दोन पंखांना दोन मापं, उद्या कोणी रिंगा अदलाबदल केल्या की पुन्हा तेच. मी हेलिकॉइल, म्हणजे भोक मोठं करून आत तारेचे नवे आटे बसवायचं सुचवलं, साहेबांनी डिझाइनवाल्याला विचारून होकार घेतला. आधी भंगारातल्या ठोकळ्यावर करून बघितलं, मग ड्रिलला खोलीची टेप चिकटवून पंखात भोक मोठं केलं, हेलिकॉइलचाच टॅप मारला, स्टीलच्या तारेचे आटे बसवले. रिंग खांद्यापर्यंत गेली, हलायचं नाव नाही. लॉगबुकात नोंद साहेबांनी केली.

जमिनीतले खुंटे पण बघितले. काळी माती, उन्हाळ्यात भेगा पडलेल्या, खुंटा हाताने हलत होता. म्हटलं साहेब, रिंग कितीही चांगली करा, इथे काँक्रीटचा ठोकळा गाडल्याशिवाय उपयोग नाही. वॉचमन बाबा शेजारीच उभे, म्हणे "भाऊ, काय व्हयनं?" त्यांनाच खड्डे खणायला माणसं बघायला सांगितली. निघण्याआधी शेपटीची रिंग पण काढून मापली, ती तीन सुतीच निघाली.