चौदा वेळा रीबूट

गेल्या पावसाळ्यात माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स कर्नलची (लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्याची) नवी आवृत्ती चढवली आणि तेव्हापासून झाकण मिटले की तो झोपी जाई, पण उघडल्यावर जागा होत नसे. पडदा काळा, पंखा मात्र सुरू. कर्नलच्या लागोपाठच्या दोन आवृत्त्यांमध्ये दहा हजारांहून अधिक बदल असतात आणि तो ज्या सी भाषेत लिहिला जातो तिच्याशी माझी ओळख कॉलेजपुरतीच, त्यामुळे दोष हुडकणे हे आपले काम नव्हे, असे मी धरून चालले होते.

ते जमले ‘गिट बायसेक्ट’मुळे. गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे साधन आणि बायसेक्ट ही त्यातली दोषी बदल हुडकायची सोय. (लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट लिहिले ते कर्नलच्याच कामासाठी.) शेवटची धड आवृत्ती आणि पहिली बिघडलेली आवृत्ती सांगितली, की बायसेक्ट त्यांच्या मधोमधचा बदल निवडून देते, तिथवरच्या कोडपासून कर्नल तयार (कंपाइल) करायचा, रीबूट करायचे, झाकण मिटून उघडायचे आणि ‘गुड’ किंवा ‘बॅड’ एवढेच कळवायचे. दर खेपेला निम्मे संशयित गळतात, म्हणून सोळा हजार बदलांनाही १४ खेपा पुरतात. माझे दोन शनिवार-रविवार त्यात गेले, कारण एकेक कर्नल दीड तास घेई, आणि एकदा झोपेच्या तारेत ‘गुड’च्या जागी ‘बॅड’ टंकल्यामुळे चार पायऱ्या मागे यावे लागले.

शेवटी हाती लागला वीज वाचवण्यासाठी केलेला एक छोटासा बदल. तो करणाऱ्याकडे माझ्यासारखा लॅपटॉप नव्हता आणि माझ्याकडे त्याची जाण नव्हती. कोणता भाग कोण सांभाळतो, हे कर्नलच्या ‘मेंटेनर्स’ फाइलमध्ये लिहिलेले असते. तिथल्या पत्त्यावर मी सगळे कळवले. उत्तर तुटक होते, पण सोबत पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, होता. तो चालला नाही; मग लॉग (लॅपटॉपने ठेवलेल्या नोंदी) मागवले गेले आणि दुसरा चालला. आधी चालत असलेले नव्या बदलामुळे बंद पडले, तर तो बदल मागे घ्यायलाही टोरवाल्ड्स कचरत नाहीत, त्यामुळे अशा तक्रारी सहसा पडून राहत नाहीत.

दुरुस्तीसोबतच्या संदेशाखाली ‘फिक्सेस’ या ओळीत मूळ बदलाची १२ अक्षरी खूण होती, तिच्यावरून जुन्या आवृत्त्या सांभाळणाऱ्यांना ही दुरुस्ती कुठे कुठे हवी ते कळते. त्याखाली ‘रिपोर्टेड-बाय’ आणि ‘टेस्टेड-बाय’ या दोन्ही ओळींत माझे नाव होते, आडनावात एक अक्षर कमी. आता ते सुधारता येणार नाही. गिटमध्ये संदेशातले एक अक्षर बदलले तरी त्या बदलाची आणि त्यानंतरच्या सगळ्यांची खूणच बदलते.