तुम्ही विचारलंत म्हणून: भिंतीवरची ती चार नावं

कोपरखैरण्यात आमचं मेडिकल आहे. काउंटरच्या मागे ड्रग लायसन्स लावलेलं आहे, त्याच्या शेजारी मी एक चौकट टांगली आहे. तिच्यात चार नावं: स्टॅन्ली शुल्ट्झ, डेव्हिड नॅलिन, रिचर्ड कॅश, दिलीप महालनोबीस. खाली एकच ओळ, ‘प्रिन्स माहिदोल पुरस्कार, २००६’. “ताई, हे कोण? तुमचे सर का?” असं गिऱ्हाइकं सारखी विचारतात. गर्दीच्या वेळी मी “ओआरएसवाले” एवढंच सांगते; ओआरएस म्हणजे जुलाबात पाजायचं मीठ-साखरेचं द्रावण, पुडीत मिळतं ते. त्यावर ठरलेलं उत्तर येतं, “म्हणजे नोबेल मिळालं असेल!” नोबेल नाही मिळालं. जे मिळालं त्याबद्दल नीट सांगायचं दर वेळी राहून जातं, म्हणून आज सवडीने लिहिते आहे.

माहिदोल हे थायलंडचे राजपुत्र. जन्म १ जानेवारी १८९२चा. आधी जर्मनीत नौदलाचं शिक्षण घेतलं, पुढे अमेरिकेत हार्वर्डला सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकी शिकले. राजघराण्यातला हा माणूस १९२९मध्ये चियांग माईच्या मॅकॉर्मिक रुग्णालयात साधा निवासी डॉक्टर म्हणून राबला आणि त्याच वर्षी, चाळिशीही गाठायच्या आत, गेला. थायलंडमध्ये त्यांना आधुनिक वैद्यकाचे जनक मानतात. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९९२ साली, त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला. निवड जगभरातून होते, जानेवारीत बँकॉकला समारंभ असतो. पदक, प्रमाणपत्र आणि एक लाख डॉलर. करोनाच्या लसीमागचं एमआरएनएचं काम करणाऱ्या कॅटलिन कॅरिको आणि ड्र्यू वाइसमन यांना नोबेल मिळालं २०२३ला; माहिदोल पुरस्काराच्या यादीत त्यांची नावं २०२१लाच आहेत.

मला मात्र या पुरस्काराची रचना फार आवडते. त्याचे दोन विभाग आहेत, एक वैद्यकशास्त्राचा आणि दुसरा सार्वजनिक आरोग्याचा, आणि दोन्हींचा मान सारखाच. शोध लावणारा मोठा आणि तो वस्तीत नेणारा धाकटा, असली वाटणी इथे नाही. २००६ साली तर दोन्ही विभागांचा पुरस्कार एकाच गोष्टीसाठी दिला गेला. शुल्ट्झ यांना वैद्यकशास्त्रासाठी, बाकी तिघांना सार्वजनिक आरोग्यासाठी. आयुष्य औषधाच्या काउंटरमागे गेल्यामुळे असेल, पण मला हा न्याय अगदी पुरेपूर वाटतो. औषध सापडलं म्हणजे काम झालं असं नसतं. ते कुणीतरी पुडीत बांधावं लागतं, कसं घ्यायचं ते समजावून सांगावं लागतं.

शुल्ट्झ यांचं काम थोडक्यात असं. १९६४च्या सुमाराला ते आणि त्यांचे सहकारी सशाच्या आतड्याचा तुकडा घेऊन प्रयोग करत होते. त्यांनी दाखवलं, की ग्लुकोज ही साखर आतड्याच्या पेशीत शिरताना मिठातल्या सोडियमला बरोबर घेऊन शिरते. त्या दोघांच्या मागोमाग पाणी जातं. कॉलऱ्यात आतड्यातून पाण्याचा लोंढा बाहेर पडत असतो, नुसतं मीठ-पाणी पाजलं तर ते आत शोषलं जात नाही. पण ग्लुकोजची ही वाट कॉलरासुद्धा बंद करू शकत नाही. म्हणजे मिठाला साखरेची सोबत दिली, की जुलाब चालू असतानाही शरीर पाणी घेतं. ओआरएसचं सगळं मर्म एवढंच आहे.

आता हे रोग्यावर सिद्ध कुणी करायचं? नॅलिन आणि कॅश हे दोघं अमेरिकन डॉक्टर, दोघांचीही तिशी अजून लांब होती. १९६८ला ढाक्याच्या कॉलरा प्रयोगशाळेत त्यांनी एक साधी गोष्ट काटेकोरपणे केली. कॉलऱ्याच्या रोग्याची खाट मध्यभागी भोक असलेली असते आणि खाली बादली ठेवलेली असते. बादलीत किती गेलं ते मोजायचं आणि तितकंच तोंडावाटे परत द्यायचं. आधीच्या काही प्रयत्नांत हा हिशेबच सांभाळला गेला नव्हता. त्यांनी तो सांभाळला, तर शिरेतून द्यायच्या सलाईनची गरज जवळपास ८० टक्क्यांनी कमी झाली.

आणि मग बोनगाव, पश्चिम बंगालमधलं सीमेजवळचं गाव. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

१९७१ साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धात लाखो माणसं सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आली. छावण्यांमध्ये कॉलऱ्याची साथ आली. दिलीप महालनोबीस तेव्हा अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कोलकात्यातल्या केंद्रात काम करत होते, त्यांना बोनगावला पाठवलं. तिथल्या रुग्णालयात दोन खोल्या भरून रोगी जमिनीवर पडलेले. सलाईन लावायचं तर जुलाब-उलट्यांच्या राड्यात गुडघे टेकून बसावं लागे, असं त्यांनी पुढे स्वतः सांगितलं आहे. सलाईनचा साठा संपत चालला होता, ते लावता येणारी माणसंही मोजकीच. तोंडावाटे द्यायचं द्रावण तोवर डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत, रुग्णालयाच्या शिस्तीत दिलं जाई. निर्वासितांच्या छावणीत ते आई-बापांच्या हातात द्यायचं म्हणजे मोठीच जोखीम होती. महालनोबीसांनी ती उचलली.

एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. कोलकात्यात केंद्राच्या वाचनालयाच्या खोलीत बसून माणसं हे वजन करत होती, प्लास्टिकच्या पिशव्यांत भरत होती आणि पिशव्यांची तोंडं गरम इस्त्रीने बंद करत होती. मला ती इस्त्री विसरता येत नाही. आज औषध कंपन्यांची मशिनं जे काम करतात, ते तेव्हा घरात कपड्यांवरून फिरणाऱ्या इस्त्रीने केलं. पिशव्या छावणीत न्यायच्या, पिंपात कालवायच्या आणि पेले भरून द्यायचे. पाजायला आई, बाप, भाऊ, जो जवळ असेल तो. आठ आठवड्यांत ३,७००हून जास्त रोग्यांवर असे उपचार झाले. छावणीत मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ३.६ टक्क्यांवर आलं. सलाईन राहिलं ते फक्त अगदी गंभीर रोग्यांसाठी.

पुढे १९७८मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने या उपचाराला शतकातली कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटलं. महालनोबीस ऑक्टोबर २०२२मध्ये गेले आणि पद्मविभूषण जाहीर झालं २०२३च्या जानेवारीत. बँकॉकने त्यांना जिवंतपणी बोलावून सन्मान केला, याचं मला म्हणूनच जास्त मोल वाटतं.

एका निवृत्त शिक्षकांनी विचारलं होतं, चारच का? प्रश्न रास्त आहे. कोलकात्याच्या हेमेंद्रनाथ चॅटर्जींनी १९५३लाच तोंडावाटे द्रावण देऊन कॉलऱ्याचे रोगी बरे केल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं होतं. त्यात पुरेशा मोजमापांचा आधार नव्हता, म्हणून जगाने दुर्लक्ष केलं. जागतिक आरोग्य संघटनेतले धीमान बरुआ बोनगावला जाऊन आले आणि नंतर त्यांनीच हा उपचार देशोदेशी नेला. बांगलादेशात ‘ब्रॅक’ संस्थेच्या बायका एक कोटीहून जास्त घरांत गेल्या, चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ पाण्यात कसा कालवायचा ते आईच्या हाताने करवून घेतलं, आणि त्या आईला पुढे किती आठवतं यावर त्यांचा मेहनताना ठरायचा. चौकटीत या सगळ्यांना जागा हवी. पुरस्काराच्या यादीत जेवढी नावं होती तेवढी मी लावली.

आता आपल्याकडचं. पावसाळा सुरू झाला, की आमच्या भागात जुलाबाच्या केसेस वाढतात. माथाडींच्या वसाहतीतून, एपीएमसीत कामाला जाणाऱ्यांच्या घरून बायका लेकराला कडेवर घेऊन येतात. “ताई, सलाईन लावलं की लगेच बरं वाटेल ना?” मी पुडी पुढे करते तेव्हा चेहरा पडतो. इतकी स्वस्त वस्तू, हिने काय होणार! मला त्यांचा राग येत नाही. सलाईन डोळ्यांना दिसतं, बाटली टांगलेली असते, थेंब पडत असतात.

पुडीत दोन आकार येतात, मोठी एक लिटरची आणि छोटी २०० मिलीची. मोठी पुडी पेलाभर पाण्यात अर्धी टाकून बाकीची रबर लावून ठेवतात, हे मी रोज ऐकते. तसं केलं तर द्रावण फार दाट होतं, आणि साखर-मीठ प्रमाणाबाहेर गेलं की आतडं पाणी शोषण्याऐवजी उलट बाहेर सोडतं. म्हणून मी पाण्याची रिकामी एक लिटरची बाटली काउंटरवर ठेवलेली असते. बाटली गळ्यापर्यंत भरायची, मोठी पुडी पूर्ण ओतायची, उकळून गार केलेलं पाणी असलं तर उत्तम. लहान मुलाला चमच्या-चमच्याने पाजायचं, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. बरोबर झिंकच्या गोळ्या चौदा दिवस. जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत.

आणखी एक. नावात ओआरएस असलेली गोड फळांची पेयं बरीच वर्षं औषधांशेजारी विकली जात होती. ऑक्टोबर २०२५मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने खाद्यपेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. तो आदेश वाचला तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं आहे का, तेवढं बघून घ्या.

बाळ सुस्त पडलं असेल, डोळे खोल गेले असतील, लघवी होत नसेल, पाजलेलं काहीच पोटात ठरत नसेल, तर माझ्याकडे पुडी घ्यायला थांबू नका. रिक्षा करा आणि सरळ वाशीच्या महापालिका रुग्णालयात जा. तिथे सलाईनच लागेल, आणि ते लगेच लागेल.